माणगावला थांबलात कधी?

मुंबई-गोवा हायवेने वर्षातून एकदा तरी जाणाऱ्या माणसाला माणगाव माहीत असतं. गाव म्हणून नाही, ट्रॅफिक जॅम म्हणून! ‘कुठे पोचलात?’ असा घरून फोन आला की ‘माणगावला अडकलोय’ हे उत्तर कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी दिलेलं असतं. हायवे थेट बाजारपेठेतून जातो. एसटी स्टँड तिथेच, रिक्षा तिथेच. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून येणारी गर्दी तिथे येऊन मिळते आणि श्रीवर्धन-हरिहरेश्वरला जाणारी मंडळी तिथूनच वळतात. २०२४च्या जुलैत आम्ही निघालो तेव्हा बायपासचं काम रखडलेलं होतं. त्यामुळे त्या शनिवारी, १३ तारखेला, धो धो पावसात आम्ही पाच जण रीतसर माणगावला अडकलो.

प्लॅन साधा होता. दोन रात्री हरिहरेश्वर, मासे, समुद्र, झोप. सोमवारची सुट्टी पाचही जणांनी आपापल्या बॉसला वेगवेगळी कारणं सांगून मिळवलेली. गाडीत बँकवाला मित्र ड्रायव्हिंग सीटवर, बाजूला त्याची आयटीवाली बायको, मागे मी आणि आणखी दोघं. पाऊण तासात गाडी जेमतेम शंभर मीटर सरकली. गाणी संपली, वेफर्स संपले, कंपनीतल्या अप्रायझलवरचं गॉसिपसुद्धा संपलं. शेवटी मी छत्री घेऊन उतरले. चहा मिळतोय का बघते म्हटलं, तेवढेच पाय मोकळे होतील. चहा मिळाला. चहा पीत पीत पुढे गेले आणि तहसील कार्यालयापाशी एक पुतळा दिसला.

पुतळे बघण्याची आपल्याला सवय नाही. म्हणजे पुतळे असतात, पण ते पत्ता सांगायच्या कामाचे. ‘पुतळ्यापाशी थांब, मी येतो’, ‘पुतळ्यावरून लेफ्ट मार’. पुतळा कुणाचा, हे रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही आणि बसणाऱ्यालाही. हा पुतळाही मी तसाच बघून सोडून दिला असता. पण लष्करी वेशातला माणूस आणि आजूबाजूला तालुक्याच्या सरकारी कचेऱ्या, हे काही जुळेना. म्हणून नाव वाचलं. यशवंत घाडगे. व्हिक्टोरिया क्रॉस.

व्हिक्टोरिया क्रॉस? माणगावात? इतक्यात मागून आमच्याच गाडीचा हॉर्न वाजला. रांग हलली होती. मोबाइलवर एक हललेला फोटो काढला आणि चिखल तुडवत पळाले.

रात्री हरिहरेश्वरला लाइट गेले. जुलैत कोकणात लाइट जाणं ही बातमी नव्हे. मेणबत्ती लावून सुरमई खाऊन झाली, बाहेर समुद्राचा नुसता आवाज. कुणाच्याच मोबाइलला धड रेंज नाही, पण खिडकीच्या एका कोपऱ्यात माझ्या फोनला दोन कांड्या मिळत होत्या. तिथे उभी राहून मी माणगावच्या त्या माणसाचा शोध घेतला.

यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, म्हणजे आताचा रायगड. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक. नाईक म्हणजे इतर सैन्यांतला कॉर्पोरल, दहाएक जवानांच्या सेक्शनचा म्होरक्या. दुसऱ्या महायुद्धात ही बटालियन दहाव्या भारतीय डिव्हिजनमधून इटलीत लढत होती. जून १९४४ मध्ये रोम दोस्तांच्या हाती आलं होतं आणि जर्मन सैन्य एकेक डोंगर लढवत उत्तरेकडे मागे सरकत होतं. भारतीय डिव्हिजन त्यांच्या पाठीवर होती, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. रोममधून वाहते तीच टायबर. कोकणातल्या पोराला डोंगर, नदी, चढउतार नवीन नव्हते. बाकी सगळंच नवीन असणार.

१० जुलै १९४४. कंपनीने शत्रूच्या एका मजबूत ठाण्यावर हल्ला चढवला. घाडगेच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि म्होरक्या सोडून झाडून सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. आता आपल्यासोबत यायला कुणीही उरलेलं नाही, हे त्याला दिसत होतं. तरी तो थेट मशीनगनवर धावून गेला. आधी हातबॉम्ब टाकला. त्यात गन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी झाले. मग टॉमीगनने आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन संपलं, बदलायला वेळ नव्हता. म्हणून त्याने टॉमीगन नळीकडून उलटी धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने ठेचून मारलं. ठाणं त्याने एकट्याने घेतलं. तिथेच स्नायपरच्या गोळ्या लागून तो गेला. २ नोव्हेंबर १९४४ च्या ‘लंडन गॅझेट’मध्ये त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

वय? बावीस.

हे मी मोठ्याने वाचत होते. ‘ठेचून मारलं’पाशी आयटीवाली मैत्रीण म्हणाली, ‘‘बस कर, जेवलोय आत्ताच.’’ कुणी हसलं नाही. तिचं चूकही नव्हतं. शौर्याच्या गोष्टी आपण पाठ्यपुस्तकात वाचतो तेव्हा तिथे ‘शत्रूला कंठस्नान घातले’ असं असतं. शब्द इतका सोवळा की रक्त दिसतच नाही. सरकारी मानपत्राने मात्र काही लपवलेलं नव्हतं. चार माणसं, चार ओळींत. त्यातल्या शेवटच्या दोघांचे चेहरे त्याने हातभर अंतरावरून बघितले असतील. माणगावच्या पुतळ्याकडे बघून यातलं काहीएक कळत नाही. पुतळ्याला ते जमणारही नाही. आणि खरं सांगायचं तर, जमावं असं मला वाटतही नाही.

मग बँकवाल्याने तो प्रश्न विचारलाच. मला माहीत होतं, कुणीतरी विचारणार. ‘‘पण म्हणजे लढला ब्रिटिशांसाठीच ना?’’

यावर मेणबत्ती संपेपर्यंत वाद झाला. वादात भर घालायला खिडकीच्या कोपऱ्यातून मी आकडे पुरवत होते. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य पंचवीस लाखांपर्यंत वाढलं होतं आणि त्यात सक्तीची भरती नव्हती. इटलीत पन्नास हजारांहून जास्त भारतीय जवान लढले, ५,७८२ परत आले नाहीत. इटलीतल्या लढायांत वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा भारतीय सैन्यातल्या जवानांना. सहातले दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर त्यांनी जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून वाहून नेलं, मशीनगन बंद पाडल्या आणि मग नदीच्या बांधावर उघड्यावर उभं राहून मराठा पलटणीची युद्धघोषणा देत मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. ते वाचले. १९८४ मध्ये गेले. म्हणजे माझ्या आईवडिलांनी त्यांना पुण्यात बसच्या रांगेत उभं असलेलं बघितलंही असेल, आणि ओळखलं नसेल.

ती युद्धघोषणा म्हणजे ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’. पलटणीने ती १९४१ मध्ये आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरनच्या लढाईत उचलली. आता गंमत बघा. मालक इंग्रज, मैदान आफ्रिकेचं, समोर मुसोलिनीचे इटालियन आणि ओठांवर शिवाजी महाराज! यात ‘कुणासाठी’ या प्रश्नाचं सरळ उत्तर शोधून दाखवा.

आणि तो महिना तरी कसला? जुलै १९४४. तिकडे इम्फाळच्या डोंगरातून, पावसात, उपाशीपोटी आझाद हिंद सेना माघार घेत होती. तेही भारतीय जवानच, कित्येक जण आधी याच ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेतले. इकडे ‘चले जाव’ला दोन वर्षं होत आली होती, पंडित नेहरू नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात आझाद हिंद सेनेला धडा आहे, ‘चले जाव’ला धडा आहे. टायबरच्या खोऱ्यातल्या मराठा सेक्शनला नाही. तो धडा कुठे घालायचा, हेच आपल्याला कळलेलं नाही. स्वातंत्र्याच्या प्रकरणात तो बसत नाही आणि परक्यांच्या इतिहासात घालावा तर माणूस माणगावचा.

बँकवाल्याचं म्हणणं साफ होतं. देशासाठी नाही, पगारासाठी. मला त्याचा प्रश्न चुकीचा वाटला नाही. तो फार स्वस्तात विचारला गेला, इतकंच. कोकणात तेव्हा भातशेतीच्या दोन तुकड्यांवर घर चालत नव्हतं. घरटी एक जण मुंबईच्या गिरणीत, नाहीतर बोटीवर, नाहीतर पलटणीत. मनीऑर्डर आली की चूल पेटायची. पगारासाठी पलटणीत गेला असेल तर गेला असेल. आमच्या पाचांपैकी तिघांचा पगारही साहेबाच्या देशातून येतो आणि नाइट शिफ्टला आम्हीही त्यांच्याच घड्याळावर जागतो. अर्थात ही तुलना लंगडी आहे, आमच्यावर कुणी मशीनगन रोखत नाही. पण पगारामुळे माणूस परेडला जातो. सगळे सोबती पडल्यावर एकटा पुढे का धावतो, याचं उत्तर पे-स्लिपमध्ये नसतं. ते राणीच्या नावाच्या क्रॉसमध्येही नसतं. हे मी म्हटलं तेव्हा बँकवाला म्हणाला, ‘‘तू लेख लिहिणार आहेस ना यावर?’’ आणि झोपायला गेला.

सोमवारी परतताना मी गाडी माणगावला थांबवायला लावली. कुरकुर झाली. मिसळीचं आमिष दाखवलं.

शनिवारी कचेरी बंद होती, सोमवारी जत्रा होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या फायली, सातबारा, दाखले, प्रतिज्ञापत्रं, ठिबकणाऱ्या छत्र्या, ‘साहेब जेवायला गेलेत’. अॅडमिशनचा सीझन असल्याने उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांसाठी पोरापोरींची रांग. कुणीही पुतळ्याकडे बघत नव्हतं. मी बराच वेळ बघत होते म्हणून मात्र माझ्याकडे सगळे बघत होते. चहाच्या टपरीवरचे काका म्हणाले, ‘‘पत्रकार काय?’’ मी हो म्हटलं. ‘‘मग रस्त्याचं लिवा. खड्ड्यांचं लिवा. यशवंतरावांना काय, ते हाएत तिथं.’’

टपरीशेजारी एक मुलगी उभी होती. बारावी झालेली, हातात मार्कशीटची झेरॉक्स. तिला विचारलं, हा पुतळा कुणाचा गं? ती पटकन म्हणाली, ‘‘यशवंतराव घाडगे. आमच्या तालुक्यातले, पळसगावचे. ते इटलीला गेले होते.’’

‘गेले होते.’ जणू केसरीच्या टूरबरोबर!

‘‘किती वर्षांचे होते, माहितेय?’’

‘‘नाही ताई. म्हातारे असतील ना?’’

मी बावीस म्हटल्यावर ती पुतळ्याकडे वळून बघायला लागली. अगदी नीट, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाली, ‘‘दादा आहे माझा तेवढा.’’ दादा भरतीची तयारी करतो. पहाटे हायवेवर पळायला जातो. आधी अग्निवीरसाठी गेला, थोडक्यात राहिला, आता पोलीस भरती. आई म्हणते पोलीसच बरं, निदान जिल्ह्यात तरी राहील. तेवढ्यात रांगेत तिचा नंबर आला आणि ती गेली.

‘राव’ या दोन अक्षरांची गंमत तेव्हा माझ्या लक्षात आली. आपण आदराने ‘यशवंतराव’ म्हणतो आणि म्हणता म्हणता त्याचं वय वाढवून टाकतो. चौथऱ्यावर चढलेला माणूस आपोआप आजोबा होतो. खरा यशवंत माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान होता. आमच्या ऑफिसात तो इंटर्न म्हणून आला असता तर मी त्याला अरेतुरे केलं असतं, आणि चहा आणायलाही पाठवलं असतं.

माणगावच्या या पुतळ्याचं एक कारण आहे, जे कुठल्याही चौकातल्या पुतळ्याला नसतं. त्या युद्धात जो जिथे पडला तिथेच राहिला. देह मायदेशी आणायची ब्रिटिश फौजेची पद्धत नव्हती. आता तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येते, गाव बंद होतं, मंत्री येतात, बंदुकांची सलामी होते. १९४४ मध्ये पळसगावात यातलं काहीही होणं शक्य नव्हतं. बातमी येऊ शकत होती, पदक येऊ शकत होतं. माणूस नाही. म्हणून तालुक्याच्या गावी, जिथे सगळ्यांना कधी ना कधी यावंच लागतं अशा जागी, तो असा उभा आहे. सातबाऱ्याला आलेला पळसगावचा माणूस त्याच्यासमोरूनच जातो.

मुंबईत आल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. इटलीत उंब्रिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथे टायबरच्या खोऱ्यात मोंतोने नावाचं टेकडीवरचं जुनं, दगडी गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आत. आपल्या हिशोबात वाडीच म्हणायची. या गावाने आणि इटलीतल्या काही लष्करी इतिहासकारांनी मिळून जुलै २०२३ मध्ये, म्हणजे घटनेला एकोणऐंशी वर्षं झाल्यावर, यशवंत घाडगेच्या नावाने एक स्मारक उभारलं. भारताच्या राजदूतही तेव्हा हजर होत्या. स्मारक आहे एका सूर्यघड्याळाचं. त्यावर लॅटिन वाक्य आहे, ‘ओम्नेस सुब एओदेम सोले’. अर्थ साधारण असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली.

हे वाचून मी मेल उघडला आणि त्या बँकवाल्याला लिंक पाठवली. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. ‘छान आहे. पण ‘सगळे’ म्हणजे ते दोघे जर्मनपण?’

मी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मोंतोनेच्या लोकांचं काय म्हणणं असेल, कल्पना करता येते. ज्यांच्या अंगणात हे युद्ध झालं, त्यांनी जर्मनही बघितले, ब्रिटिशही बघितले आणि फेटे, खुकऱ्या घेऊन आलेले आपलेही बघितले. त्यांच्या गावाबाहेर सगळेच मेले. त्यांनी पुतळा नाही उभारला, घड्याळ उभारलं. पुतळा एकाचा असतो, घड्याळाखाली कुणीही उभं राहू शकतं. माणगावकरांना मात्र त्यांचा एकच पोरगा आठवायचा होता, त्यांनी पुतळा उभारला. मला दोन्ही पटतात. मित्राला ‘हो, तेपण’ एवढंच लिहून पाठवलं.

तर, जाणार असाल तर. मुंबईहून माणगाव साधारण दीडशे किलोमीटर. गाडी नसेल तर कोकण रेल्वेचं माणगाव स्टेशन आहे, एसटी तर आहेच. पुण्याहून ताम्हिणी उतरून आलात तर पावसाळ्यात वाटेतच चार वेळा थांबाल, तो वेळ धरून निघा. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर किंवा रायगड, कुठेही जायचं असलं तरी माणगाव वाटेतच आहे. वेगळी ट्रिप काढायची गरज नाही, पाच मिनिटं पुरतात. जॅम असेल तर तेवढीही गाडी हलत नाही. कुणालाही ‘तहसील कचेरी’ विचारा. सुट्टीच्या दिवशी निवांत बघता येईल. कामाच्या दिवशी गेलात तर गाडी गेटसमोर लावू नका. आम्ही लावली होती. आतून शिपाई धावत आला, ‘‘ओ मॅडम, गाडी काढा, साहेब आले!’’ त्या गडबडीत मला पुतळ्याचा दुसरा फोटो घेताच आला नाही. माझ्याकडे अजून तो शनिवारचाच आहे. हललेला, पावसातला, आणि कडेला आमच्या चहाचा कागदी कप.